आत्याचे शंभर युनिट

कवळीवाल्याची आत्या वारली तेव्हा त्याने सगळ्यांना कळवलं. नातेवाइकांना कळवलं, शेजाऱ्यांना कळवलं, दूधवाल्याला कळवलं, एवढंच काय, ती चष्म्याची काडी बसवायला टाकून विसरली होती त्या दुकानदारालाही जाऊन सांगून आला. फक्त वीज कंपनीला कळवायचं राहिलं. म्हणजे, राहिलं असं तो म्हणायचा. बायको म्हणायची, "राहिलं कसलं? राहू दिलंत."

आता यात भानगड काय होती ते सांगायला हवं. त्या शहरात विजेचा भाव एकच नव्हता. महिन्याचे पहिले शंभर युनिट स्वस्त. त्यापुढचे महाग. आणि तीनशेच्या पलीकडे गेलात की एकेक युनिट सोनाराने तोलून दिल्यासारखं. बरं, हे स्वस्त शंभर माणशी नव्हते, मीटरमागे होते. घरात एक माणूस राहो नाहीतर नऊ, मीटर एक तर स्वस्ताई एकदाच. मग डोकं असलेली माणसं काय करतात? एका घराची दोन घरं करतात. वेगळं दार आणि वेगळा ओटा दाखवला की कंपनी दुसरं मीटर बसवून द्यायची, आणि शंभर स्वस्त युनिट पुन्हा पहिल्यापासून सुरू.

कवळीवाल्याला तर याची गरजच होती. तो दातांच्या डॉक्टरांसाठी घरातल्या घरात कवळ्या बनवायचा. पुढच्या खोलीत प्लॅस्टरचे जबडे सुकत ठेवलेले, गुलाबी मेणाच्या वड्या, घासायची मोटर, आणि या सगळ्यात खादाड म्हणजे उकळायची टाकी. साच्यात भरलेला गुलाबी मसाला त्या टाकीत तासन्‌तास उकळला की हिरड्या पक्क्या होतात. टाकी चालू झाली की मीटर असं पळायचं, जणू मागे कुत्रं लागलंय.

मागच्या खोलीत आत्या राहायची. कवळीवाल्याची आई तो लहान असतानाच गेली, तेव्हापासून हिनेच त्याला वाढवलेला. खोलीला मागच्या गल्लीत उघडणारं दार होतंच. त्याने तिथे हातभर ओटा बांधला, वर एक शेगडी मांडली आणि कंपनीच्या माणसाला बोलावलं.

"म्हणजे मला वेगळी काढलीस होय रे ठोंब्या?" आत्या म्हणाली.

"अगं, विजेपुरती फक्त. जेवायला इकडेच."

त्यातच एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी एक खास योजनाही निघाली. शंभरच्या आत राहा, निम्माच दर. पण एकशे एकावं युनिट पडलं की त्या महिन्याची सवलत सगळीच्या सगळी गायब. कवळीवाल्याने आत्याला लगेच त्या योजनेत बसवलं. आत्याचा वापर तो काय? एक दिवा, एक पंखा, एक रेडिओ, दुपारचा चहा. चाळीसच्या वर काटा जायचा नाही. उरलेले साठ नुसते वाया चाललेत हे बघून कवळीवाल्याला जेवण गोड लागेना. शेवटी त्याने मधल्या भिंतीला भोक पाडलं, आत्याच्या बोर्डातून वायर ओढून आणली आणि उकळायची टाकी तिच्यावर जोडली. आत्याचे चाळीस, टाकीचे साठ. गल्लीतले लोक ते भोक बघायला यायचे, एवढं त्या अकलेचं कौतुक झालं.

अडचण फक्त थंडीत यायची. आत्याकडे एक जुना हिटर होता. तिने तो लावला की शंभर पार.

"आत्या, हिटर नको हं. आधीच नव्वद झालेत," भिंतीपलीकडून तो ओरडायचा.

"नाही लावत रे. शिजू दे तुझे दात."

आणि संध्याकाळभर ती दोन स्वेटर घालून, पायमोजे हातात चढवून, बंद हिटरसमोर खुर्ची घेऊन बसायची. सवय म्हणून. हात पुढे धरून, जणू तो चालूच आहे. थंडी सरता सरता ती गेली. डॉक्टरांनी वयाचं कारण सांगितलं, आणि कुणी त्यांना दुसरं काही विचारलं नाही.

त्यानंतर शंभरच्या शंभर युनिट टाकीला मिळायला लागले. "मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाताय," बायको म्हणाली. "लोणी कुठे, प्लॅस्टिक शिजवतोय," असं म्हणून कवळीवाला टाकीवर झाकण ठेवायचा. पण मीटर काढायचा विषय निघाला की त्याचा चेहरा उतरायचा. कारण द्यायचा स्वस्त युनिटांचंच, पण बिलावर आत्याचं नाव छापून आलं की ते पाकीट बराच वेळ हातात धरून बसायचा. मीटर काढायला माणूस आला की त्याला सांगावं लागणार, ती नाही म्हणून. कवळीवाल्याला ते सांगायचं नव्हतं. सगळ्या जगाला एकदा सांगून झालं होतं, कंपनीला नव्हतं, आणि जगात एका तरी ठिकाणी आत्या अजून जिवंत होती.

पुढची थंडी सुरू झाली तशी कंपनीने घरोघरी नवी मीटरं बसवली. या मीटरचं वैशिष्ट्य असं की कुठल्या वेळेला किती वीज खाल्ली ते मोबाईलवर दिसायचं, डोंगरासारख्या रेघेत. कवळीवाला खूश. आत्याच्या मीटरवर सकाळी टाकीचा डोंगर, दुपारी सपाट माळ. आणि एक दिवस बघतो तर संध्याकाळी आणखी एक डोंगर. पाचला चढलेला, जेवायच्या वेळेला उतरलेला.

तो स्वयंपाकघरात गेला. "मागच्या खोलीत बसतेस काय संध्याकाळची?"

"मी? त्या खोलीत?" बायकोने हातातला डाव खाली ठेवला. "मला वाटलं तुम्हीच बसता. परवा गेले तर खुर्ची ओढलेली, आणि खोली कशी उबदार."

"मी टाकी सोडून कशाला जातोय?"

 नवराबायकोच्या संसारात एकमेकांवर संशय घ्यायचे प्रसंग फार येतात, पण दोघांपैकी कुणीच नसलं तर काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं. जाऊन पाहिलं. हिटरची पिन बोर्डापासून लांब पडलेली, वायर गुंडाळलेली. कवळीवाल्याने हिटरच्या कांडीला बोट लावलं आणि "आई गं" म्हणत झटकलं.

त्याने लगेच उपाय केला. हिटर उचलला आणि आपल्या कपाटात, प्लॅस्टरच्या गोणीमागे कोंबला. खोलीला कुलूप लावलं, किल्ली करगोट्याला बांधली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोबाईल उघडला. पाच वाजता डोंगर. आदल्या दिवसापेक्षा जरा उंचच.

पण खरी पाचावर धारण बसली ती टाकीमुळे. ती हळूहळू गार पडायला लागली. दिवा लागलेला, काटा उकळीवर आणि पाणी मात्र नुसतं कोमट. वीज आत्याच्या बोर्डातून निघायची, पण भिंतीच्या भोकातून इकडे पोचायचीच नाही. वाटेतच कुणीतरी ठेवून घेत होतं. कवळ्या कच्च्या निघायला लागल्या. हिरड्यांना बुडबुडे, दात डुगडुगते. एका डॉक्टरांचा फोन आला.

"अहो, काय पाठवलंत हे? पेशंट फोनवर हॅलो म्हणाला आणि वरची कवळी फोनला चिकटून बसली!"

"थंडी आहे ना डॉक्टर, मसाला नीट धरत नाही."

"थंडी काय आज नव्याने पडली का?"

 कवळीवाल्याने फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर कुलूप काढून आत गेला. आत्याशी बोलायला. बायकोला म्हणाला, मीटर बघून येतो.

खोलीत ऊन आलं होतं. खुर्ची भिंतीकडे तोंड करून, समोर हिटरची रिकामी जागा. तो उंबऱ्याजवळच उभा राहिला आणि घसा साफ केला.

"आत्या, रागावू नकोस. नीट समजून घे. हे स्लॅब असतात ना, ते पायऱ्यांसारखे असतात. पहिल्या पायरीवर आपण बसलो की आरामात. दुसरी चढलो की महाग. तुझी तर सवलतीची पायरी आहे. शंभर म्हणजे शंभर. गेल्या महिन्यात तू दीडशे केलेस! दीडशे! अगं, जिवंतपणी कधी पन्नास गाठले नव्हतेस."

बोलून झाल्यावर त्याला वाटलं, हे वाक्य जरा चुकलंच.

"म्हणजे, बस की तू. बसू नको असं कुठे म्हणतोय? पण पाचला बसू नकोस. आता काय झालंय, कंपनीची नवीन योजना आलीय, वेळेप्रमाणे दर. दुपारी सगळे कामावर असतात, वीज पडून असते, तेव्हा स्वस्त. संध्याकाळी सगळं गाव घरी येतं, सगळेच बटणं दाबतात, तेव्हा दर चढतो. तू नेमकी चढ्या वेळेला शेकतेस. दुपारी शेकलीस तर मी तुझं नाव त्या योजनेत घालतो. दोघांचंही भागेल. काय?"

खोलीत काहीच हललं नाही. मग खुर्चीतून असा आवाज आला, जसा कुणी बूड हलवून नीट बसल्यावर येतो. बस, एवढंच. कवळीवाला मागच्या पावली बाहेर आला आणि त्याने कुलूप लावलं.

"काय म्हणालं मीटर?" बायकोने विचारलं.

"ऐकून घेतलं."

ऐकून घेतलं होतंच. दुसऱ्या दिवसापासून दुपारीही डोंगर यायला लागला. संध्याकाळचा होता तसाच राहिला.

त्या महिनाअखेरीला आत्याच्या नावाने कंपनीचा संदेश आला. प्रिय ग्राहक, आपण वीज मोकळ्या हाताने वापरू लागल्याचे पाहून आनंद झाला. आपली बदललेली जीवनशैली लक्षात घेता आपल्याला योग्य योजना सुचवण्यासाठी आमचे प्रतिनिधी घरी येतील. कवळीवाल्याने 'बदललेली जीवनशैली' हे शब्द दोनदा वाचले आणि डोक्याला हात लावला.

प्रतिनिधी म्हणजे एक ठेंगणी तपासनीस बाई होती. गळ्यात ओळखपत्र, काखेत टॅब, नाकाला रुमाल. सर्दीने पार बेजार झालेली. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला मागच्या गल्लीतून येऊन ती सरळ आत्याच्या दारापाशी उभी राहिली.

"ग्राहक कुठे आहेत?"

"गावाला गेलीय ती," कवळीवाला म्हणाला.

"कधी?"

"झाले की... बरेच दिवस."

बाईने टॅब त्याच्याकडे फिरवला. डोंगर त्या क्षणी चढत होता. "मग आत्ता आत कोण शेकतंय?"

कवळीवाल्याने करगोट्याच्या किल्लीवर हात ठेवला. बायको पदराशी चाळा करत बाजूला उभी होती, ती म्हणाली, "द्या उघडून."

"बाहेरून कुलूप?" बाई शिंकली. "म्हाताऱ्या माणसाला कोंडून ठेवता?"

"आत कुणी नाही हो मॅडम."

"कुणी नाही तर कुलूप कशाला?"

 त्याने कुलूप काढलं. तो आत शिरणार तोच बाईने हात आडवा घातला. "तुम्ही इथेच थांबा. ग्राहकाशी एकट्यानेच बोलायचा नियम आहे. घरचे समोर असले की म्हातारी माणसं सगळ्याला 'नाही हो, मला काही त्रास नाही' म्हणतात."

दार लागलं. नवराबायको बाहेर पायरीवर थांबली. गल्लीत गारठा पडला होता, कुणाच्या तरी खिडकीतून भांड्यांचा आवाज येत होता. आतून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग बाईचा आवाज, प्रश्न विचारल्यासारखा. मग थोडं थांबून परत तिचाच. मधल्या जागेत काय होतं ते दाराबाहेर येत नव्हतं. मग बाई हसली. चांगली मोकळी हसली.

"कुणाशी बोलतेय ही?" कवळीवाला पुटपुटला.

"तुम्हाला माहीत नाही?" बायको म्हणाली.

बाई बाहेर आली तेव्हा स्वेटर काढून हातावर घेतला होता आणि नाक मोकळं झालं होतं. "खोली छान ठेवलीय. उबदार."

"ती... काही बोलली?"

"फार नाही. वापर वाढला कसा विचारलं, तर नुसते हात शेकत राहिल्या. योजना बदलून देऊ का म्हटलं, तर म्हणाल्या, त्याला विचारा, विजेचं त्यालाच कळतं. तुम्हाला काय ठोंब्या म्हणतात का? मला हसूच आलं."

"शेकत होती? कशावर?"

"हिटरवर. लाल झाला होता चांगला." बाई टॅबवर बोट फिरवायला लागली. हिटर पुढच्या खोलीत, कपाटात, प्लॅस्टरच्या गोणीमागे होता. कवळीवाला पायरीवर खाली बसला.

"हे बघा," बाई म्हणाली, "त्यांची सवलत गेली, पण दर थंडीला काही लोकांची जाते. उन्हाळ्यात परत शंभरच्या आत आल्या की परत मिळते. ग्राहक हयात आहे, जागेवर आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय. तशी नोंद करते. मीटर राहील. किंवा मग दोन्ही घरं एक करून टाका, त्यात कुटुंबाची योजना मिळते, तीन माणसांपासून पुढे स्वस्त युनिट वाढवून देतात. पण त्याला आजींचं मीटर बंद करावं लागेल. त्यांची सही लागेल. आणि हयात नसत्या तर वारसाची. तो प्रश्न इथे येत नाही."

म्हणजे झालं काय बघा. ज्या एका गोष्टीसाठी कवळीवाला इतके महिने जीव मुठीत धरून होता, ती गोष्ट कंपनीची बाई स्वतः ताटात वाढून देत होती. आत्या जिवंत, असा सरकारी शिक्का. स्वस्त शंभर कायमचे, कुणी विचारायला येणार नाही. तोंड बंद ठेवायचं, बस. आणि गेली कित्येक वर्षं तोंडाचाच धंदा केलेल्या माणसाला ते काही अवघड नव्हतं.

"तशीच नोंद करू ना?" बाईने विचारलं.

कवळीवाल्याने दाराकडे पाहिलं. खालच्या फटीतून ऊब येत होती, ती त्याच्या पायांना लागत होती. ती नोंद झाली तर पुढच्या थंडीतही आत्या शंभरच्या आत बसणार, आणि त्यापुढच्याही. कंपनीच्या लेखी ती कधी मरणारच नाही, आणि तिची थंडीही संपणार नाही.

"वारसाची सही घ्या," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"ती गेलीय मॅडम. गेल्या वर्षी, थंडीच्या शेवटी. मी कळवलं नाही. माझी टाकी तिच्या मीटरवर चालायची. ती हिटर लावायची नाही, मी लावू द्यायचो नाही म्हणून."

बाईने त्याच्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग हातातल्या स्वेटरकडे. रुमाल शोधायला तिने खिसा चाचपला, रुमाल हातातच होता. "पण मी आत्ता..." एवढंच ती बोलली. मग एकदम खाली मान घालून टॅबवर भराभर बोटं मारायला लागली. घाबरलेल्या माणसाला रकाने भरण्यासारखा आधार नाही.

"मीटर बंद. दोन घरं एकत्र. वारसाची सही इथे." कवळीवाल्याने बोटाने सही केली, ती कुणाच्याही सहीसारखी आली. "आता एकत्र घरात राहणारी माणसं. किती?"

"दो—"

"तीन लिहा," बायको म्हणाली.

बाईचं बोट हवेत थांबलं. कवळीवाल्याने बायकोकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. युनिट वाढवून घ्यायलाही सांगत नव्हती, कारण तो तिचा चेहरा ओळखून होता आणि युनिटांसाठी ती कधी असा चेहरा करायची नाही.

"तिसऱ्या माणसाच्या... वापराची वेळ लागते," बाई हळूच म्हणाली.

"संध्याकाळी. दुपारीही कधीकधी. थंडीत जास्त."

"संध्याकाळी दर चढा असतो."

"असू दे."

बाईने तीन लिहिलं. स्वेटर परत न घालताच ती निघाली, आणि आली होती मागच्या गल्लीतून तरी जाताना शेजारच्या स्वयंपाकघराच्या दाराने घरात शिरून पुढच्या दाराने गेली. बायको तिला सोडायला गेली. परत आली तरी कवळीवाला पायरीवर तसाच.

"उद्या ते मीटर काढून नेतील," तो म्हणाला. "मग ती येईल का गं?"

"मला काय विचारता? आज आहेत ना आत? जा, बसा जरा त्यांच्यापाशी."

"बोलेल माझ्याशी?"

"नाही बोलल्या तर ऐकून घ्या."

कवळीवाला उठला. कपडे झटकले, केसांतलं प्लॅस्टर झटकलं, लहानपणी उशिरा घरी आल्यावर दारात घुटमळायचा तसा थोडा घुटमळला. मग आत गेला. आत अंधार होता आणि भरपूर ऊब होती. त्याने मागे वळून दार घट्ट लावून घेतलं, खालच्या फटीवर पायपुसणं सरकवलं, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून.